प्रशासकीय कारणास्तव

वसईकडच्या लग्नात जेवणं उरकली की मांडवात खुर्च्या गोल लावून बसतात, आणि तिथे कुठला विषय निघेल याचा नेम नसतो. मागच्या मोसमात अशाच एका मांडवात कुणाच्या तरी मोबाइलवर टीव्हीवरच्या चर्चेचा तुकडा सुरू झाला. परदेशातल्या कॅथलिक धर्मगुरूंनी लहान मुलांवर केलेले अत्याचार, ओरडणारा निवेदक आणि चार चौकटींत चार वक्ते. पाच मिनिटांत मांडवातही चौकटी पडल्या. नवऱ्या मुलाच्या ऑफिसातला एक मित्र हसत म्हणाला, "म्हणजे तुमच्या चर्चमध्ये हेच चालतं तर." माझे मामा उसळले. कुठे चार जण वाईट निघाले म्हणून अख्ख्या समाजाला बदनाम करायचा हा डाव आहे, असं त्यांचं म्हणणं. एका वहिनीने तिसराच तोडगा काढला, "लग्नं करू द्या त्यांना, सगळं आपोआप थांबेल." शेवटी मामांनी "झाकली मूठ सव्वा लाखाची" ही म्हण टाकली, आइस्क्रीम आलं आणि वाद मिटला.

मी तिथे काही बोलले नाही, पण घरी येईपर्यंत डोकं तापलेलंच होतं. तिघंही एकाच चुकीच्या जागी उभे होते. तिघांच्या मते प्रश्न त्या वाईट माणसाचा होता. तो कोणत्या धर्माचा, असे किती टक्के, त्याला बायको का नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. मुलावर हात टाकणारा पहिला गुन्हेगार, याबद्दल दुमत नाही. पण या प्रकरणाची जगभर लाज झाली ती दुसऱ्या माणसामुळे. त्याने आईची तक्रार वाचली, फाइलला लावली आणि बदलीच्या कागदावर सही केली. त्या सहीचा जाब चर्चच्या आतल्या कार्यालयात नाही, साध्या कोर्टात विचारला गेला पाहिजे.

बदल्यांतलं मला थोडं कळतं. माझी सगळी नोकरी सरकारी शिक्षण खात्याच्या एका कार्यालयात कारकुनीत गेली. एखाद्या शिक्षकाबद्दल पालकांची कुजबुज वाढली की साहेब आत बोलवायचे आणि मी टाईप करायचे, "प्रशासकीय कारणास्तव बदली करण्यात येत आहे." नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांना त्या दोन शब्दांपलीकडे काही कळत नसे. एकदाच मी विचारलं होतं, "साहेब, तिकडेही मुलीच आहेत ना?" साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही टाईप करा." मी टाईप केलं. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे मी ज्या लोकांबद्दल लिहिणार आहे त्यांच्याकडे फार उंचावरून बघण्याचा मला अधिकार नाही.

बॉस्टनचं प्रकरण घ्या. २००२च्या जानेवारीत 'बॉस्टन ग्लोब'ने जॉन गेगन या धर्मगुरूची कहाणी छापली. सुमारे ३० वर्षांत, वेगवेगळ्या धर्मग्रामांतल्या (एका चर्चच्या हद्दीतली वस्ती म्हणजे धर्मग्राम) १३०हून अधिक जणांनी त्याच्यावर आरोप केले होते. माझं लक्ष त्याच्यापेक्षा त्याच्या फाइलवर खिळलं. १९८२मध्ये एका बाईने तिथल्या कार्डिनलना, म्हणजे पोपखालोखालच्या धर्माधिकाऱ्यांना, पत्र लिहून कळवलं होतं, की आमच्या घरातल्या सात मुलांवर या माणसाने अत्याचार केलेत. १९८४मध्ये नवे आर्चबिशप बर्नार्ड लॉ आले. त्यांनाही तिने लिहिलं. त्याच वर्षी गेगनला दुसऱ्या धर्मग्रामात नेमलं गेलं आणि तिथे त्याच्याकडे मुलांचे तीन गट सोपवले, त्यातला एक वेदीसेवक मुलांचा, म्हणजे उपासनेत धर्मगुरूला मदत करणाऱ्यांचा. सहायक बिशपांनी लेखी हरकत घेतली, तीही फाइलला लागली. १९९६मध्ये गेगन निवृत्त झाला तेव्हा कार्डिनल लॉ यांनी त्याला लिहिलं, की तुमची सेवा परिणामकारक होती, दुर्दैवाने आजारपणाने तिला बाधा आली. आजारपण! आमच्या साहेबांना हा शब्द सुचला नव्हता एवढंच.

अमेरिकेतल्याच पेनसिल्व्हेनियाच्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, २०१८मध्ये सहा धर्मप्रांतांच्या (एकेका बिशपच्या अखत्यारीतल्या भागांच्या) फाइली चाळल्या. त्यांत ३०१ धर्मगुरूंची आणि हजाराहून जास्त मुलांची नोंद सापडली. त्या अहवालातला सगळ्यांत अंगावर येणारा भाग अत्याचाराच्या वर्णनाचा नाही, भाषेचा आहे. इतक्या वर्षांच्या कागदांतून ज्युरीला लपवाछपवीची एक पद्धतच दिसली. बलात्काराला बलात्कार म्हणायचं नाही, 'अनुचित संपर्क' म्हणायचं. धर्मगुरूला हलवावं लागलंच तर कारण सांगायचं नाही. 'आजारपणाची रजा' म्हणायचं, 'मानसिक थकवा' म्हणायचं, किंवा काहीच म्हणायचं नाही. वेगवेगळे बिशप, वेगवेगळी शहरं, वेगवेगळी दशकं, आणि शब्द तेच. चार वाईट माणसांची शब्दावली अशी जुळते का? ती कार्यालयाची शब्दावली आहे.

मामांच्या बाजूने बोलायचं तर त्यांचा सगळ्यांत जोरदार मुद्दा हा, की हे सगळीकडेच होतं. आणि ते खरं आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी, ५३ टक्क्यांनी, कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं होतं. ती मुलं काही चर्चमध्ये बसलेली नव्हती. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनीच करवून घेतलेल्या २००४च्या जॉन जे अहवालात १९५० ते २००२ या काळातल्या ४,३९२ धर्मगुरूंवर आरोप झाल्याचं नोंदवलं आहे, म्हणजे त्या काळातल्या एकूण धर्मगुरूंपैकी सुमारे ४ टक्के. उरलेले ९६ टक्के मिस्सा (चर्चमधली उपासना) म्हणत होते, आजाऱ्यांना भेटत होते, मयतांना जात होते. माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत आमच्या फादरांनी जे केलं ते मी विसरणार नाही. ब्रह्मचर्याच्या माथी सगळं मारणाऱ्या वहिनींसाठी एवढंच, की चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मगुरूंना बायका-मुलं असतात. तरी २०२४मध्ये कॅन्टरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना राजीनामा जाहीर करावा लागला तो अशाच एका अत्याचाऱ्याचं प्रकरण चर्चने वर्षानुवर्षं दाबून ठेवल्यामुळे. आणि तो अत्याचारी धर्मगुरू नव्हता, पेशाने वकील होता.

पण 'सगळीकडे होतं' हे उत्तर ज्या प्रश्नाला लागू पडतं तो मी विचारलेलाच नाही. घरातला काका वाईट निघाला तर त्याला दुसऱ्या गावी दुसरं कुटुंब, नवी खोली आणि नव्या मुलांचा विश्वास मिळवून देणारं खातं नसतं. कॅथलिक चर्चकडे ते होतं. चर्चच्या कायद्यातलं ४८९वं कलम सांगतं, की प्रत्येक धर्मप्रांतात एक गुप्त दफ्तर असावं, कुलूपबंद. नैतिक बाबतीतल्या फौजदारी प्रकरणांत दोषी व्यक्ती मेली किंवा शिक्षेला दहा वर्षं झाली की कागद नष्ट करावेत आणि थोडक्यात टिपण व निकाल तेवढा ठेवावा. म्हणजे नोंद होती, ती जपायची आणि जाळायची शिस्तही होती. फक्त ती शेजारच्या धर्मग्रामातल्या आईपर्यंत पोचत नव्हती. संस्था मोठी असणं हा गुन्हा नाही, पण जिचा बदलीचा आदेश समुद्र ओलांडून चालतो तिची जबाबदारीही तेवढीच लांब जायला हवी.

१९७५मधली आयर्लंडची एक गोष्ट मला बॉस्टनपेक्षा जवळची वाटते. मार्च महिना, डंडॉक नावाचं गाव, मठातली एक खोली. चौदा वर्षांचा मुलगा आत, समोर तीन धर्मगुरू. मुलाच्या वडिलांना बाहेर थांबवलेलं. मुलगा ब्रेंडन स्मिथ या धर्मगुरूने आपल्याशी काय केलं ते सांगतो. आपल्यासारखीच आणखी कोणकोणती मुलं आहेत त्यांची नावंही देतो. तिघांपैकी शॉन ब्रेडी नावाचे तरुण धर्मगुरू ते लिहून घेतात. शेवटी मुलाकडून शपथ घेतात, हे बाहेर कुठे बोलायचं नाही. अहवाल वर जातो. मुलाने सांगितलेल्या इतर मुलांच्या आईबापांकडे कुणी जात नाही, पोलिसांकडेही नाही. स्मिथ पुढे जवळजवळ दोन दशकं मोकळा फिरला. १९९४मध्ये त्याला शिक्षा झाली आणि त्याच्या प्रत्यार्पणातल्या दिरंगाईवरून त्या वर्षी आयर्लंडचं सरकार पडलं. ब्रेडी मात्र चढत गेले, आयर्लंडचे मुख्य आर्चबिशप झाले, २००७मध्ये कार्डिनल. २०१०मध्ये ती खोली उजेडात आली तेव्हा त्यांचं म्हणणं असं, की मी फक्त टिपणं घेणारा होतो, मी ती माझ्या वरिष्ठांकडे दिली.

मी फक्त टिपणं घेणारा होतो. मी फक्त टाईप करणारी होते. ही सबब खोटी नाही, तीच तर अडचण आहे. मोठ्या कार्यालयात प्रत्येकाकडे कामाचा एक तुकडा असतो आणि प्रत्येक तुकडा निरुपद्रवी असतो. कुणी ऐकतो, कुणी लिहितो, कुणी पाठवतो, कुणी सही करतो. एवढ्या सगळ्यांनी नीट काम केल्यावर शेवटी एक मूल एका खोलीत एकटं सापडतं. नुसत्या चांगल्या माणसांवर भिस्त ठेवून म्हणूनच भागत नाही. टिपणं घेणाऱ्यालाही वाटलं पाहिजे, की हा कागद फक्त वर पाठवला तर उद्या मीच आरोपी होईन. हे वाटायला लावण्याचं काम उपदेशाने होत नाही, दंडसंहितेने होतं.

"त्या काळी कुणाला काय कळत होतं? मानसोपचारवाले म्हणायचे बरा होतो, म्हणून परत पाठवला," असंही ऐकू येतं. यात थोडं तथ्य आहे. काही बिशपांनी खरोखर डॉक्टरांचा सल्ला घेतला होता आणि त्या वेळच्या डॉक्टरांना स्वतःच्या औषधावर फाजील विश्वास होता. पण कळत नव्हतं? अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात जेराल्ड फिट्झजेराल्ड नावाचे धर्मगुरू बिघडलेल्या धर्मगुरूंसाठी आश्रम चालवत. त्यांनी १९५०च्या दशकापासून बिशपांना लिहून बजावलं होतं, की मुलांना छळणाऱ्यांना पुन्हा सेवेत घेऊ नका. अशा लोकांना जगापासून दूर ठेवण्यासाठी कॅरिबियन समुद्रातलं एक बेट विकत घ्यायला त्यांनी पैसेही भरले. १९६३मध्ये त्यांनी पोपनाच लिहिलं. आणि डब्लिनचं तर विचारूच नका. आयर्लंडच्या सरकारने नेमलेल्या मर्फी आयोगाच्या २००९च्या अहवालानुसार डब्लिन महाधर्मप्रांताने १९८७मध्ये अशा दाव्यांपासून संरक्षण म्हणून विमा उतरवला. तोवर तिथल्या आर्चबिशपांकडे किमान १७ धर्मगुरूंविरुद्धच्या तक्रारींची माहिती होती. आग लागते हे ज्याला ठाऊक नाही तो आगीचा विमा उतरवत नाही.

एका आक्षेपापुढे मात्र मी थांबते. आरोप म्हणजे अपराध नव्हे. १९९३मध्ये शिकागोचे कार्डिनल बर्नार्डिन यांच्यावर आरोप झाला, जगभर बातमी गेली, आणि काही महिन्यांत आरोप करणाऱ्यानेच तो मागे घेतला. ऑस्ट्रेलियाचे कार्डिनल जॉर्ज पेल यांना २०१८मध्ये ज्युरीने दोषी ठरवलं, त्यांनी तुरुंगात वर्षाहून जास्त काळ काढला आणि एप्रिल २०२०मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठाने सातविरुद्ध शून्य मतांनी त्यांना मुक्त केलं. पेल यांच्या कारभाराबद्दल काय बोलायचं ते बोला, पण त्या खटल्यात ते सुटले आणि ते मान्य केलं पाहिजे. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात मला रस नाही. पण या दोन्ही उदाहरणांतून बंद खोलीतली चौकशी बरी असं निघतं का? पेल सुटले ते भर कोर्टात, पुरावा तपासून, निकालपत्र लिहून. त्यांचा निकाल गुप्त दफ्तरात लागला असता तर आज कुणी त्यावर विश्वास ठेवला असता? निर्दोष माणसालाही उघड्या कोर्टाचीच गरज असते.

'आमचं आम्ही बघून घेऊ' हा हट्ट नवा नाही आणि फक्त कॅथलिकांचा तर मुळीच नाही. बाराव्या शतकात इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री म्हणाला, की गुन्हा करणाऱ्या धर्मगुरूला माझ्या कोर्टातही शिक्षा होईल. आर्चबिशप थॉमस बेकेट आडवे उभे राहिले. ११७०मध्ये राजाच्या सरदारांनी बेकेटना त्यांच्याच कॅथीड्रलमध्ये मारलं, आणि त्या पापाच्या ओझ्याखाली राजाला धर्मगुरूंची ती सवलत मान्य करावी लागली. पुढे ही सवलत इतकी हास्यास्पद झाली, की वाचता येणारा तो धर्मगुरूच असं धरून, बायबलमधल्या स्तोत्राची ओळ वाचून दाखवली की माणूस फासावरून सुटे. इंग्लंडने ती संपवली १८२७मध्ये. खून पाडणाऱ्या राजामुळे एक चुकीची सवलत साडेसहाशे वर्षं पवित्र होऊन बसली. अन्यायाने केलेला हल्ला संस्थेला कसा उपयोगी पडतो, हे मांडवातल्या त्या हसऱ्या मित्राने समजून घ्यावं.

आपल्याकडे तर हा धडा मुंबईतच गिरवलेला आहे. १८५०च्या दशकाच्या अखेरीला पुष्टिमार्गी वैष्णव महाराजांनी, म्हणजे त्या कृष्णभक्त पंथाच्या गुरूंनी, आपल्याला कोर्टात हजर राहावं लागू नये यासाठी खटपट केली, आणि त्यासाठी शिष्यांकडून लिहून घेतलं. करसनदास मुळजी या गुजराती पत्रकाराने त्या कागदाला 'गुलामीखत' म्हटलं. पुढे १८६०मध्ये 'सत्यप्रकाश' पत्रात त्याने महाराजांच्या भक्त स्त्रियांबरोबरच्या वर्तनावर लिहिलं, जदुनाथजी महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १८६२मध्ये मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात तो चालला. आपले डॉ. भाऊ दाजी लाड साक्षीला उभे राहिले आणि महाराजांवर केलेल्या उपचारांबद्दल वैद्य म्हणून बोलले. वैष्णव धर्म बुडेल, विलायती न्यायाधीशाला आमच्या धर्मातलं काय कळतं, असं तेव्हाही म्हटलं गेलं. न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी सांगितलं ते एवढंच, की जे नीतीला धरून नाही ते धर्मशास्त्राने योग्य ठरत नाही. करसनदास स्वतः वैष्णव होता, त्याला जातीबाहेर काढण्याच्या धमक्या होत्या. वैष्णव धर्म बुडाला नाही. मुंबईत त्यांच्या हवेल्या, म्हणजे मंदिरं, आजही भरलेल्या असतात.

पापनिवेदनाच्या, म्हणजे खिडकीआड बसलेल्या धर्मगुरूला पाप सांगण्याच्या, गुप्ततेबद्दल जरा सांभाळून बोलायला हवं, कारण आमच्यासाठी तो संस्कार आहे. ती खिडकी उघडी पडली तर पश्चात्ताप झालेला माणूसही तिथे येणार नाही, ही भीती पोकळ नाही. मुलांवरच्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने २०१७मध्ये, तिथे कळलेलं पोलिसांना न सांगण्याचीही सूट नको, अशी शिफारस केली, आणि त्यावर प्रामाणिक माणसांत मतभेद होऊ शकतो. पण हा वाद पुढे करून बाकीचं सगळं झाकलं जातं, त्याला माझी हरकत आहे. गेगनच्या फाइलमधली ती पत्रं काय पापनिवेदनात आली होती? ती टपालाने आली होती, तिकीट लावून. डंडॉकच्या खोलीत मुलगा पाप सांगायला आला नव्हता. जे टपालाने आलं त्याचा हिशेब आधी द्या, खिडकीचं मग बोलू.

चर्च बदललं नाही असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. अमेरिकेत २००२नंतर आरोप सिद्ध झालेल्या धर्मगुरूला सेवेत ठेवत नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी २०१८च्या जानेवारीत चिलीतल्या पीडितांचं बोलणं बदनामी म्हणून झटकलं होतं, पण काही महिन्यांत त्यांनी चूक कबूल करून माफी मागितली. २०१९मध्ये त्यांनी, अत्याचाराची माहिती धर्मगुरूंनी चर्चच्या आत कळवलीच पाहिजे, अशी सक्ती केली, दडपणाऱ्या बिशपांच्या चौकशीची वाट काढली आणि अशा प्रकरणांवरची पोपप्रणीत गुप्तता रद्द केली. हे थोडं नाही. पण नीट वाचा, चौकशी शेवटी बिशपचीच बिशपने करायची, आणि पोलिसांत जायचं ते त्या त्या देशाचा कायदा सांगेल तेवढंच. जिथे कायदा ढिला तिथे चर्चही ढिलं. सहीचा जाब प्रत्यक्ष किती जणांनी दिला? अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचे बिशप फिन २०१२मध्ये माहिती न दिल्याबद्दल कोर्टात दोषी ठरले, तरी २०१५पर्यंत बिशपच राहिले. फ्रान्समधल्या लिऑनचे कार्डिनल बार्बारँ २०१९मध्ये दोषी ठरले, वर्षभरात अपिलात सुटले. आणि बर्नार्ड लॉ? २००२मध्ये बॉस्टनचा राजीनामा, २००४मध्ये रोमच्या सांता मारिया माज्जोरे या महामंदिराचे प्रमुख. आमच्या खात्यात याला सोयीची बदली म्हणतात.

पैशांबद्दल आणखी एक दुखरी गोष्ट. लॉस एंजेलिसच्या महाधर्मप्रांताने २००७मध्ये ६६ कोटी डॉलर आणि २०२४मध्ये ८८ कोटी डॉलर भरपाई कबूल केली. हा पैसा आजच्या भाविकांच्या दानपेटीतला, त्यांचा काय गुन्हा, हा सवाल मला पटतो. पण पीडितांना कमी मिळावं म्हणून काय काय केलं गेलं तेही बघा. ऑस्ट्रेलियात २००७मध्ये चर्चने कोर्टात असा युक्तिवाद जिंकला, की आमच्यावर दावाच लागत नाही, कारण कायद्याच्या नजरेत 'चर्च' नावाची व्यक्तीच नाही आणि मालमत्ता धरणारे विश्वस्त जबाबदार नाहीत. ती पळवाट बुजवायला तिथल्या राज्यांना कायदे बदलावे लागले. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या आर्चबिशपांनी २००७मध्ये जवळपास ५.७ कोटी डॉलर दफनभूमीच्या ट्रस्टमध्ये हलवण्याची परवानगी व्हॅटिकनकडे मागितली. कायदेशीर दाव्यांपासून या रकमेला जास्त संरक्षण मिळेल असं पत्रातच लिहिलं होतं. जिवंत मुलांची भरपाई नको म्हणून मेलेल्यांच्या जमिनीत पैसा. यावर मामा काय म्हणतील कोण जाणे.

आता आपल्या दारात येऊ. "इथे अल्पसंख्याकांवर आधीच डोळा आहे, त्यात तुम्ही हत्यार देताय," असं मामा म्हणाले, आणि ते उगाच घाबरलेले नाहीत. चर्चवर दगड मारायला निमित्त शोधणारे लोक आहेत. पण ही मुलं कुणाची? गोवंडीच्या शिवाजीनगरातल्या चर्चमध्ये २०१५मध्ये एका धर्मगुरूने ज्या मुलावर अत्याचार केला, तो चर्चला येणाऱ्या घरातलाच होता. घरचे आधी पोलिसांकडे गेले नाहीत, मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांच्याकडे गेले. त्यांचा विश्वास तिथे होता. कार्डिनल त्याच रात्री रोमला निघायचे होते. २०१९मध्ये त्यांनी बीबीसीला सांगितलं, की मदतीचं काम त्यांनी एका बिशपांकडे दिलं होतं आणि पोलिसांना आपण कळवलं नव्हतं. पोलिसांत गेलं ते कुटुंबच. २०२१मध्ये पॉक्सो न्यायालयाने त्या धर्मगुरूला जन्मठेप सुनावली. या मुलाच्या आईबापांना 'समाजाची बदनामी' शिकवायला कुणी धजेल का? समाज म्हणजे तेच लोक.

केरळातल्या कोट्टियूरला तर अल्पवयीन मुलीला मूल झालं तेव्हा सुरुवातीला तिच्या बापाने दोष अंगावर घेतला. खरा गुन्हेगार धर्मगुरू २०१९मध्ये दोषी ठरला, इतर आरोपी सुटले. पुरावा नसेल तर सुटायलाच हवेत. पण एक बाप असं खोटं कुणासाठी बोलतो, या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच निकालपत्राने दिलेलं नाही. उटी धर्मप्रांतातला एक धर्मगुरू अमेरिकेत मिनेसोटात गुन्हा कबूल करून, शिक्षा भोगून परतला आणि २०१६मध्ये बिशपांनी व्हॅटिकनशी सल्लामसलत करून त्याचं निलंबन उठवलं. सातासमुद्रापारची बातमी म्हणून आपण जे बघतो ते असं विमानाने घरी येतं.

आपल्याकडे कायदा आहे, आणि अनेक देशांपेक्षा कडक आहे. २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या १९व्या कलमाप्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचं कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं आहे. २१व्या कलमाप्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाले, तेव्हा ते न कळवल्याचा ठपका असलेल्या डॉक्टरविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला आणि अशी माहिती दडवणं हा गंभीर गुन्हा आहे असं बजावलं. २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांच्या प्रकरणात लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा राग एका सफाई कामगारावर होता तेवढाच, किंबहुना जास्त, वेळेवर न हललेल्या शाळेवर आणि पोलिसांवर होता. त्या रुळांवर उभ्या असलेल्या लोकांना माझा मुद्दा न सांगता कळला होता. बदलापूरच्या विश्वस्तांना लावाल ते माप बिशपांना लावा, मठाधिपतींना लावा, आश्रमाच्या स्वामींना आणि मदरशाच्या मौलानांनाही लावा. कुणाला जास्त नको, कुणाला कमी नको.

मामांना मी दुसऱ्या दिवशी फोन केला. आपल्या धर्मग्रामाच्या फलकावर मिस्सेच्या वेळांशेजारी १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर आणि पोलीस ठाण्याचा नंबर लावायला सांगूया, म्हटलं. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लोक विचारतील ना, इथे काही झालंय का म्हणून." विचारू देत, मी म्हटलं. "बघू, फादरांशी बोलतो," म्हणाले.

मी टाईप केलेल्या त्या आदेशाची मला आजही आठवण येते. खाली डाव्या कोपऱ्यात 'प्रत माहितीस्तव' असं लिहून नावं घालायची असत: गटशिक्षणाधिकारी, जुन्या शाळेचे मुख्याध्यापक, नव्या शाळेचे मुख्याध्यापक, लेखा शाखा, आस्थापना शाखा, निवड नस्ती. सहा कार्बन कॉप्या निघायच्या, सहावी अगदी फिकट. सातव्या कॉपीची गरज आहे असं आमच्यापैकी कुणालाच कधी वाटलं नाही.